आखाजीचं ऊन

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान प्रेमराज बडगुजर, यांनी आयुष्यात स्वतःची चूक कधी कबूल केली नाही. हे मी रागाने सांगत नाही. धुळ्यात आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत ज्याने ज्याने त्यांच्या दुकानात रेडिओ नाहीतर टीव्ही दुरुस्तीला टाकला, तो कोणीही हेच सांगेल. नीट करून दिलेला सेट आठवड्यात परत आला, की दाजी आधी गिर्‍हाइकाकडे बघायचे आणि मग सेटकडे. तुमच्या घरचं व्होल्टेज खराब, तुमच्या घरात उंदीर, तुमच्या पोराने बटण पिळलं. आणि वैताग असा की बहुतेक वेळा त्यांचंच खरं निघायचं. "मन्हा हातना डाग सुटस नही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. डाग म्हणजे सोल्डरचा ठिपका, वायर बोर्डाला जोडतात तो. त्या ठिपक्यावर या माणसाचा जेवढा विश्वास होता, तेवढा देवावरही नव्हता.

मी एसटीत कंडक्टर होतो. घर पारोळ्याला, ड्यूटी बहुतेक धुळे-जळगाव. त्यामुळे बहिणीच्या घरी माझा चहा दिवसाआड ठरलेला. बहिणीचं नाव भागाबाई, पण आम्ही सगळे तिला अक्काच म्हणतो. दाजी मला नावाने कधी हाक मारत नाहीत. 'कंडक्टर' म्हणतात, आणि त्यातही जरा खोच असते. मीही त्यांना सोडत नाही. आमचं असंच चालत आलं आहे.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. तेव्हा धुळ्यात कॉम्प्युटर म्हणजे काचेच्या खोलीत ठेवलेली, चपला बाहेर काढून बघायची वस्तू. दाजींनी तो घरात बनवला. कुठल्याशा मासिकात नकाशा आला होता. त्यावरून मुंबईहून चिपा मागवल्या, पत्रा कापला, बटणांची पाटी जुन्या यंत्रातून काढली आणि पडदा म्हणून गिर्‍हाइकाने सोडून दिलेला काळा-पांढरा पोर्टेबल टीव्ही जोडला. आठ बिटचा कॉम्प्युटर. एका वेळी आठच खुणांचा घास घेणारा, म्हणून आठ बिट, असं त्यांनी मला समजावलं. मी म्हटलं, म्हणजे दात नसलेल्या म्हातार्‍यासारखा. दाजींनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं होतं.

पण त्या म्हातार्‍याला नातू मिळाला. योगराज, आमचा योगू, दाजी आणि अक्काचा एकुलता एक मुलगा, तेव्हा नववीत होता. शाळेतून आला की दप्तर फेकायचा आणि त्या बटणांवर बसायचा. महिन्याभरात तो बापाला शिकवायला लागला. आणि सुट्टीत त्याने एक खेळ रचला. माझ्यावर. म्हणजे माझ्या गाडीवर.

पडद्यावर डावीकडून एक चौकोनी एसटी निघायची. धुळे, फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी, जळगाव, असे थांबे. प्रत्येक थांब्यावर काडीसारखी माणसं उभी. बटण दाबून गाडी थांबवायची, माणसं घ्यायची आणि पुढे जायचं. कोणी राहिलं तर खाली इंग्रजी अक्षरांत 'मामा थांबा' असं उमटायचं आणि टीव्हीतून चिरका आवाज निघायचा. माणसं राहिली तर नुसते गुण कापले जायचे. पण मुकटीच्या थांब्यावर डोक्यावर ठिपका असलेली एक काडी असायची. तो पदर. ती आई, माहेरी पारोळ्याला निघालेली; धुळ्यालाच चढवली तर खेळात गंमत नाही, म्हणून मुकटीला उभी केलेली. तिला मागे टाकून गाडी निघाली की खेळ तिथेच संपायचा. मी तीनदा तिला टाकून निघालो आणि योगू हसून हसून लोळला. मी म्हटलं, अरे, खर्‍या गाडीत मी एकदाही कोणाला टाकलेलं नाही. तर म्हणतो कसा, म्हणूनच तर खेळ केला ना मामा.

अक्काला त्याने हाक मारली होती, ये ना, बघ ना, तूच आहेस यात. अक्काचे हात कणकेत होते. "थांब, मग दखसू," ती म्हणाली. तिने तो खेळ तेव्हा पाहिला नाही. नंतरही काही ना काही निघत गेलं. पोरगा घरात आहे, यंत्र घरात आहे, उद्या बघू, परवा बघू. आईला असं म्हणायला कधी भीती वाटली आहे का?

लाईट गेली की त्या यंत्राचं डोकं रिकामं व्हायचं. धुळ्यात लाईट रोज जायची. योगू कॅसेटवर उतरवून ठेवायचा, पण टेप जुना, दहादा लावावी तेव्हा एकदा लागायची. एकदा सगळं टाइप करून झालं आणि लाईट गेली, तसा पोरगा रडायला लागला. तेव्हा दाजींनी त्याचा खेळ एका चिपेत कायमचा भरून दिला. ही चीप वेगळी असते. खाली झुरळासारखे पाय आणि वर मधोमध एक गोल काच, शर्टाच्या बटणाएवढी. काचेतून आत सोनेरी काहीतरी चमकतं. त्या काचेवर दाजींनी कागद चिकटवायला लावला. योगूने त्यावर निळ्या शाईने लिहिलं: मामाची एसटी. कागद का लावायचा हे मी तेव्हा विचारलं नाही. "आते लाईट गयी तरी जाव्हाव नही," दाजी पोराला म्हणाले. त्या दिवशी बापलेकाची छाती अशी फुगली होती की दारातून आडवंच जावं लागलं असतं.

दहावीचे पेपर झाले आणि योगूला ताप आला. मेंदूत गेला. दवाखान्यात नेला तेव्हा तो मला ओळखत होता, दुसर्‍या दिवशी ओळखत नव्हता. आणि मग गेलाच. यापुढचं मी लिहू शकत नाही आणि लिहून उपयोगही नाही.

दाजींनी दिवस झाल्यावर ते यंत्र अंगणात आणून आपटलं. बोर्डाचे दोन तुकडे झाले. भंगारवाला येईपर्यंत ते तसंच पडून होतं. अक्काने त्यातून एवढी एकच चीप पायांसकट अलगद उपटून घेतली, कारण तिच्यावर योगूचं अक्षर होतं. आणि त्या दिवसापासून त्या घरात योगूचं नाव निघायचं बंद झालं. कोणी ठरवलं नव्हतं. हे काढत नाहीत म्हणून ती काढत नाही, ती काढत नाही म्हणून हे काढत नाहीत. एका ताटात जेवावं असं ते जोडपं, पण या एका गोष्टीत दोघांच्या दोन चुली झाल्या.

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी-बहिणी माहेरी येतात. झोके बांधतात, गाणी म्हणतात. अक्का तेव्हापासून आखाजीला पारोळ्याला आली नाही. पितरांची घागर भरते त्या दिवशी ती शेजारी एक लहानसं मडकं योगूचं म्हणून भरायची. पोराची घागर आई भरत नसते, असं कुंदाबाई शेजारीण म्हणाली, तर अक्काने तिच्याकडे असं पाहिलं की ती पुन्हा बोलली नाही. मग मीच दरवर्षी आंबे घेऊन धुळ्याला जायचो. गच्चीवर पापड-कुरडयांची वाळवणं पडलेली असायची आणि त्यांच्याच शेजारी पांढर्‍या धोतरावर योगूचे शर्ट, दप्तर, क्रिकेटची टोपी आणि पत्र्याच्या डब्यातलं त्याचं किडूकमिडूक. कसर लागू नये म्हणून ऊन दाखवायचं. वाळवणं उठेपर्यंत महिना महिना ते तिथे असायचं, रोज सकाळी मांडायचं, संध्याकाळी उचलायचं. दाजी दिवसभर दुकानात. गच्चीवर त्यांनी पाय ठेवल्याचं मला आठवत नाही.

वर्षं गेली. टीव्ही भिंतीला चिकटले, रेडिओ मोबाईलमध्ये गेला, दाजींचं दुकान बंद झालं. मीही निवृत्त झालो. मागल्याच्या मागल्या दिवाळीनंतर अक्काला बाजूचं दिसेनासं झालं. दारांना धडकायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे, उशीर झाला आहे. गेलेली नजर परत येत नाही, राहिलेली किती टिकेल सांगता येत नाही. रिक्षातून परत येताना अक्का मध्ये बसली होती, एका बाजूला मी, एका बाजूला दाजी. देवपूरच्या पुलावर ती सरळ समोर बघत म्हणाली, "योगूनी ती बस माले एक डाव दखाडा ना. डोया जावाना आंगे."

डोळे जाण्याआधी. तीस-बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्या दोघांमध्ये योगूचं नाव निघालं. घरी गेल्यावर दाजींनी माळ्यावरून सोल्डरची गन काढली आणि तिचं टोक घासत बसले.

ती चीप आजच्या कुठल्या कॉम्प्युटरला लावून चालणारी नाही, तिला तिच्या जातीचाच जोडीदार हवा. म्हणजे दाजींना तो आठ बिटचा म्हातारा पहिल्यापासून पुन्हा जन्माला घालायचा होता. मी समजत होतो की असला उद्योग करणारा जगात हा एकच वेडा असेल. तसं नव्हतं. मोबाईलवर त्यांना देशोदेशीचे असले वेडे सापडले, पन्नाशी-साठीचे, जे हौसेने ही जुनी यंत्रं नव्याने बनवतात आणि एकमेकांना फोटो पाठवतात. मेंदूची मुख्य चीप बनणंच बंद झालं होतं, ती कोणाच्या तरी साठ्यातून आली. पोर्टेबल टीव्ही जळगावच्या भंगारबाजारात मी शोधला. झुलाल म्हणून भंगारवाला आहे, मला बघून त्याला वाटलं म्हातारा पैशाअडक्याने तंग आहे, म्हणून त्याने वर एक अँटेना फुकट दिली.

दाजींचा हात आता कापायचा. डोळ्याला भिंग लावून, मनगट टेबलावर टेकवून ते एक-एक डाग द्यायचे. मी म्हटलं, दाजी, नातवाच्या वयाच्या पोरांच्या घड्याळात यापेक्षा जास्त अक्कल असते हो. ते म्हणाले, "मंग त्या घड्यायले विचार मुकटीनं स्टॉप कोठे शे." खरं सांगायचं तर मला तेव्हा फार बरं वाटत होतं. माणूस पुन्हा भांडत होता.

सगळं जोडून झालं तरी त्यांनी ती चीप मागितली नाही. आपली किमती चीप सगळ्यांत शेवटी बसवायची, हा कारागिराचा नियम. आधी बाकीचं यंत्र तपासायचं, कुठे उलटा विजेचा झटका बसला तर त्या बिचारीचा जीव जायचा. "नवरी मांडवमा शेवटले येस," ते म्हणाले. कारण खरंच होतं. पण मला वाटतं, त्यांना ती हातात घ्यायची भीतीही वाटत होती. ती अक्काच्या डब्यात आहे एवढं त्यांना माहीत होतं. अक्काने त्या चिपेचं इतक्या वर्षांत काय केलं, हे त्यांनी विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं.

आखाजीचा दिवस ठरला. मी आंबे घेऊन गेलो. घागर भरून झाली, शेजारी ते लहान मडकंही भरलं. ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटत होतं. दाजींनी यंत्र सुरू केलं. टीव्ही गुरगुरला आणि पडद्यावर एक छोटा चौकोन लुकलुकायला लागला. दाजी त्याच्याकडे बघून हसले. मी त्यांना तसं हसताना योगू असतानाच पाहिलं होतं.

अक्का भिंतीचा आधार घेत आतून डबा घेऊन आली. नवा खण अंथरला होता, त्यावर चीप ठेवली. पाय खाली, काच वर. काच लखलखीत पुसलेली.

"कागद कोठे शे?" दाजींनी विचारलं.

"देवघरमा. योगूना फोटोना मांगे चिकटाडेल शे. त्यान्हं अक्षर उनमा फिकं पडी ऱ्हायंतं, म्हणीसन काढी लिधा."

"उनमा?"

"दरसाल दखाडस ना मी. त्यान्हा कपडासंगे. काच वर करीसन, म्हंजे मझार ऊब जाई."

आत ऊब जावी म्हणून काच वर. तिच्या बोलण्यात थोडा अभिमान होता. एवढी वर्षं जपली, एक पाय वाकू दिला नाही. आणि खरंच, एकही पाय वाकलेला नव्हता.

दाजींनी चीप उचलली आणि खिडकीकडे धरून बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, गहिवरले. मग त्यांनी यंत्र बंद केलं, ती जागेवर बसवली आणि पुन्हा सुरू केलं. पडद्यावर एकच इंग्रजी अक्षर उमटत गेलं, जोडीजोडीने, ओळीमागून ओळ, वरपासून खालपर्यंत. एफ एफ, एफ एफ, एफ एफ. दाजींनी दुसरं पान काढलं, तिसरं काढलं. तेच. अक्का पडद्याला नाक लागेल इतकी जवळ बसली होती, मान किंचित तिरकी करून, कारण तिला मधलंच काय ते दिसत होतं.

"दिसनी का बस?" तिने विचारलं. "हाई काय, लोके शेतंस का?"

ती त्या अक्षरांनाच थांब्यावरची माणसं समजत होती.

दाजींनी टीव्हीचं बटण फिरवून पडदा काळा केला. आणि ज्या माणसाने उभ्या हयातीत गिर्‍हाइकासमोर, बायकोसमोर, कोणासमोर मान खाली घातली नव्हती, तो म्हणाला, "मन्हा हात चुकना. डाग खोटा बसना. चीप जयी गयी मन्हा हातथून."

अक्काने चाचपडत त्यांचा हात धरला. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "तुमना हात आते पहिलासारखा नही ऱ्हायना." तिने समजूत घातली आणि ते मान हलवत राहिले. त्या दिवशी पुरणपोळ्या ताटांत तशाच राहिल्या.

मला स्टँडवर सोडायला दाजी आले. खरं तर मीच त्यांना बाहेर काढलं होतं. रसवंतीच्या बाकावर बसल्यावर त्यांनी सांगितलं. ती काच असते ती चीप पुसण्यासाठी. पुसायचा एक खास दिवा मिळतो, त्याखाली ठेवली की आतलं लिहिलेलं उडतं आणि चीप कोरी होते. कोर्‍या चिपेत सगळीकडे एफ एफच असतं. आणि त्या दिव्यात जे असतं तेच उन्हातही असतं, जरा कमी. म्हणून तर काचेवर कागद लावायचा. कागद निघाल्यावर आठ-पंधरा दिवसांचं खान्देशी ऊन पुरे होतं. तिने तर वर्षानुवर्षं दाखवलं.

"म्हणजे अक्कानेच..." मी म्हणालो आणि थांबलो.

त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तिले सांगशी नको, छगन. कधीच नको."

पहिल्यांदा त्यांनी मला नावाने हाक मारली, म्हणून मला कळलं की हा माणूस किती मोडला आहे. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, कोणाचा ते कळत नव्हतं. उन्हाचा म्हणावा तर ऊन काय, ते कुरडयांवरही पडतं. मी म्हटलं, दाजी, तुम्हाला यातलं सगळं येतं आणि मला तो खेळ थांब्यांसकट पाठ आहे. आपण दोघं पुन्हा बनवू. तिच्या डोळ्यांत अजून थोडी नजर आहे, तिला काय कळणार आहे?

त्यांनी रिकामा ग्लास बाकावर ठेवला. "बनाडता येई," ते म्हणाले. "पन ते योगूनं नही व्हवाव."

मी चिडलो. म्हटलं, खोटं तर तुम्ही आत्ताच बोललात की.

"ते मी मन्हा नावे बोलनू," ते म्हणाले. "त्याना नावे नही बोलाव."

माझी गाडी लागली. मी चढलो. मुकटीच्या थांब्यावर एक बाई हातात पिशवी घेऊन धावत आली. तरुण कंडक्टरने घंटी दिली होती, मी मागून ओरडून गाडी थांबवली. बाई चढली आणि माझ्याकडे बघायला लागली, कारण मी तोंडाला रुमाल लावून बसलो होतो.

या वर्षीच्या आखाजीला मी पुन्हा गेलो. अक्काची नजर आता उजेड-अंधारापुरती उरली आहे. तिला जिना चढवत नाही. बिछान्यावर बसून ती शेजारणींना सांगत होती की आमच्या मालकांचा हात चुकला, वय झालं, त्यांचा तरी काय दोष. दाजी घरात नव्हते. मी विचारलं तर तिने वर बोट दाखवलं.

गच्चीवर कुंदाबाईच्या कुरडया वाळत होत्या. शेजारी पांढर्‍या धोतरावर योगूचे शर्ट, दप्तर, टोपी नीट मांडलेली, आणि मध्ये खणाच्या तुकड्यावर ती चीप. दाजी डोक्यावर ओला पंचा टाकून शेजारी पाटावर बसले होते आणि काठीने चिमण्या हाकत होते. ज्या गच्चीवर त्यांनी कधी पाय ठेवला नाही, तिथे ते आता महिनाभर रोज बसतात. सकाळी मांडतात, संध्याकाळी उचलतात. मला बघून त्यांनी थोडं सरकून सावलीत जागा केली.

खालून अक्काची हाक आली. "काच वर शे ना हो?"

दाजींनी वाकून चिपेकडे पाहिलं.

"वर शे," ते म्हणाले.